पाळी लांबवण्याच्या इंजेक्शनांनी हाडे ठिसूळ होतात का? तिसरा डोस द्यायचा की थांबायचे?

प्रश्न: समुदाय आरोग्य अधिकारी, केळापूर तालुका (यवतमाळ)

नमस्कार. उपकेंद्राच्या हद्दीतल्या एका मुलीबद्दल सल्ला हवा आहे. वय ७ वर्षे ४ महिने, उंची १३१ सेमी, वजन २७ किलो. साडेसहाव्या वर्षापासून छाती भरू लागली आणि उंची झपाट्याने वाढली, म्हणजे ती वेळेआधीच वयात येऊ लागली. नागपूरच्या सरकारी रुग्णालयात सगळी तपासणी झाली आहे. जीएनआरएच (वयात येणे सुरू करणारे मेंदूतले संप्रेरक) उत्तेजन चाचणीत एलएच (त्यामुळे पियुषिका ग्रंथीतून सुटणारे संप्रेरक) ११, डाव्या हाताच्या एक्स-रेवर हाडांचे वय १० वर्षे, सोनोग्राफीत गर्भाशय वयाच्या मानाने मोठे, मेंदूचा एमआरआय बिनदोष, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) ठीक. ल्युप्रोलाइड डेपो (पाळी लांबवणारे, अंगात हळूहळू सुटणारे इंजेक्शन) ११.२५ मिग्रॅ दर १२ आठवड्यांनी लिहून दिले आहे. दोन डोस झाले, तिसरा पुढच्या पंधरवड्यात आहे.

मधल्या काळात कुणाच्या तरी सांगण्यावरून घरच्यांनी जिल्ह्याच्या गावी खासगी सेंटरवर डेक्सा (हाडांची घनता मोजणारा एक्स-रे) करून आणला. रिपोर्टवर कमरेच्या कण्याचा टी-स्कोअर उणे २.६ आहे आणि खाली ठळक अक्षरांत 'ऑस्टिओपोरोसिस' छापले आहे. तेव्हापासून घरचे पुढचे इंजेक्शन नको म्हणतात. आजीचे म्हणणे, "पाळी तं आज ना उद्या येनच हाय, मंग पोरीचे हाडं काहाले पोकळ करता?" वडील तेवढे ठाम नाहीत, पण कागद दाखवून विचारतात की हे खोटे आहे का.

मला विचारायचे ते असे. या औषधाने हाडे खरेच कमकुवत होतात का, आणि होत असतील तर कायमची का? कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी किती द्यावे? तिसरे म्हणजे, कापसाच्या वेचणीच्या दिवसांत नागपूरला जाणे जमत नाही म्हणून डोस आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येईल का, आणि त्यात काय सांभाळावे लागेल?

---

उत्तर १: बाल अंतःस्राव विभाग, नागपूर

ताई, पहिल्यांदा निर्णयाचे सांगतो. या डेक्सावरून डोस थांबवू नये. रिपोर्टमध्ये चूक काय आहे ते खाली कुणीतरी अधिक नेमके सांगेलच. मी हाडांचे गणित मांडतो, कारण आजींची शंका मुळात बिनबुडाची नाही.

मुलींमध्ये इस्ट्रोजेन हाडांसाठी दोन कामे एकाच वेळी करते. हाडात खनिज भरते आणि हाडांच्या टोकांच्या वाढीच्या चकत्या हळूहळू बंद करते. आठ वर्षांच्या आत वयात येणाऱ्या मुलीत ही दोन्ही कामे लवकर सुरू होतात. म्हणून उपचाराआधी अशा मुलींची हाडे वयाच्या मानाने जास्तच भरलेली असतात, आणि चकत्या लवकर मिटल्याने उंची मात्र पुढे अडते. आज ती वर्गात सगळ्यांत उंच दिसते, उद्या वर्गात बुटकी राहू शकते.

ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन हे जीएनआरएचचेच प्रतिरूप आहे. शरीर हे संप्रेरक ठोक्याठोक्याने सोडते, डेपो इंजेक्शन ते सतत देते. सततच्या माऱ्याने पहिले काही दिवस एलएच वाढतो, मग साधारण चार आठवड्यांत पियुषिका ग्रंथी प्रतिसाद देणे सोडते आणि इस्ट्रोजेन पूर्ववत बालपणाच्या पातळीवर येते. या पहिल्या उसळीनंतर काही मुलींना दोन ते चार आठवड्यांत एकदा रक्तस्राव होतो. घरचे घाबरून औषध सोडतात ते इथेच, म्हणून ते आधीच सांगून ठेवायचे. दुसऱ्या डोसनंतरही रक्तस्राव होत असेल तर मात्र दाब बसला नाही (संप्रेरके पुरेशी दबली नाहीत) असे समजून कळवा.

आता इस्ट्रोजेन खाली आले की हाडात खनिज भरण्याचा वेग कमी होतो. कमी होतो, उलटा फिरत नाही. हाडातले एकूण खनिज ग्रॅममध्ये मोजले तर ते उपचार चालू असतानाही वाढतच असते, फक्त लहान मुलीच्या वेगाने. पण तिची तुलना जर आधीच्या फुगलेल्या आकड्याशी केली तर कागदावर घसरण दिसते. वाद सगळा या घसरणीवरून होतो.

उपचार थांबल्यावर काय होते हे जास्त महत्त्वाचे. इस्ट्रोजेन परत येते, पाळी सुरू होते आणि मंदावलेला वेग भरून निघतो. उंची सर्वाधिक वेगाने वाढते त्याच्या आसपासच्या दोन वर्षांत प्रौढ हाडातल्या खनिजाचा सुमारे पाव हिस्सा भरला जातो. इंजेक्शनाने हा काळ पुढे ढकलला जातो, तो हातचा जात नाही. अमेरिकेतल्या आणि युरोपातल्या बाल अंतःस्राव तज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ मध्ये मिळून जे सहमतीपत्र काढले त्यातही हेच आहे: उपचाराच्या काळात घनता कमी होऊ शकते, पण पुढची भर शाबूत राहते आणि कमाल अस्थिसंचयावर (मोठेपणी हाडात जमणाऱ्या सर्वाधिक खनिजावर) वाईट परिणाम दिसत नाही.

तिच्याबाबत उपचाराचे कारणही भक्कम आहे. सुरुवात साडेसहाला, हाडांचे वय अडीच वर्षांहून जास्त पुढे, एलएच ५ च्या बराच वर. आठ वर्षांनंतर सुरू होणाऱ्या, संथ चालणाऱ्या प्रकारात मी स्वतः आधी तीन ते सहा महिने नुसते मोजत बसा म्हणेन. तिथे इंजेक्शनाने उंचीत फारसा फरक पडत नाही. नुसती छाती भरलेली, उंचीचा वेग नेहमीचा आणि हाडांचे वय जुळणारे अशा दोन वर्षांखालच्या मुलींना तर काहीच लागत नाही. ही मुलगी त्या दोन्ही गटांत बसत नाही.

डोस मध्येच सोडण्याचा धोका घरच्यांना स्पष्ट सांगा. एक डोस चुकला की ग्रंथी पुन्हा जागी होते, हाडांचे वय परत पळू लागते, आणि आधीच्या दोन डोसांचा फायदा पुसला जाऊ शकतो. इंजेक्शन कायमचे नाही. साधारण साडेदहा ते अकरा वर्षे वय आणि हाडांचे वय १२ ते साडेबाराच्या आसपास आले की थांबवतात. त्यानंतर बहुतेक मुलींना वर्ष-दीड वर्षात पाळी येते. आजींना हे वाक्य ऐकवा, त्यांचा मूळ प्रश्न पाळीचाच आहे.

उपकेंद्रात तुम्ही करू शकाल असे एक काम: उंची दर तीन महिन्यांनी, सकाळी, चप्पल-वेणी काढून, त्याच पट्टीवर, शक्यतो त्याच माणसाने, मिलिमीटरपर्यंत मोजा. भिंतीवर चिकटवलेला कागदी टेप चालत नाही, तो पावसाळ्यात सरकतो. उपचारावर वेग वर्षाला ४ ते ६ सेमीच्या आत यायला हवा. वर्षाला ७-८ सेमीचा वेग टिकून असेल तर दाब अपुरा आहे. ४ च्या खाली गेला तर आम्हाला कळवा, थायरॉइड पुन्हा पाहावे लागते. हाडांच्या वयाचा एक्स-रे ६ ते १२ महिन्यांनी पुरे.

---

उत्तर २: डेक्सा तंत्रज्ञ, वर्धा

सर्वांत मोठी चूक कागदावरच दिसते. टी-स्कोअर लहान मुलांना लावायचाच नसतो. टी-स्कोअर म्हणजे तरुण प्रौढ बाईच्या पूर्ण भरलेल्या हाडाशी तुलना. सात वर्षांच्या कोणत्याही निरोगी मुलीचा टी-स्कोअर उणेच येणार. मुलांमध्ये झेड-स्कोअर पाहायचा, म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना. मशीनवर जन्मतारीख चुकीची टाकली गेली किंवा प्रौढांचा प्रोटोकॉल चालवला की सॉफ्टवेअर स्वतःच 'ऑस्टिओपोरोसिस' छापते. रिपोर्टवर जन्मतारीख, विश्लेषणाचा प्रकार आणि संदर्भ-गट या तीन ओळी तपासा.

मुलांमध्ये ऑस्टिओपोरोसिस हे निदान नुसत्या आकड्यावर करतच नाहीत. मोठ्या मारावाचून कण्याचा मणका दबलेला असावा लागतो. नाहीतर झेड-स्कोअर उणे २ किंवा खाली असून सोबत लांब हाडे मोडल्याचा इतिहास लागतो: १० वर्षांपर्यंत दोन किंवा जास्त, १९ पर्यंत तीन किंवा जास्त. या मुलीचे एकही हाड मोडलेले नसेल तर तो शब्द खोडायला हवा. नुसता झेड उणे २ खाली असला तरी लिहायचे 'वयाच्या मानाने खनिज कमी', एवढेच.

जागाही महत्त्वाची. मुलांमध्ये कमरेचा कणा आणि डोके वगळून संपूर्ण शरीर, या दोनच जागा धरतात. खुब्याचा सांधा वाढत असतो, तिथला आकडा पुन्हा पुन्हा सारखा येत नाही. डोके वगळतात कारण लहान मुलाच्या शरीरात कवटीचा वाटा मोठा असतो आणि ती फारशी बदलत नाही.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांनीही लक्षात घ्यावी. डेक्सा हाडाची जाडी मोजत नाही, सावलीचे क्षेत्रफळ मोजतो. बुटक्या मुलाचे हाड लहान म्हणून घनता कमी दिसते, उंच मुलाची जास्त. ही मुलगी वयापेक्षा उंच आहे, तेव्हा उंचीशी जुळवलेला झेड-स्कोअर मागा. काही ठिकाणी हाडांच्या वयाशी जुळवतात, तेही चालते, पण पुढच्या वेळी तीच पद्धत, तेच मशीन हवे. दोन वेगळ्या कंपन्यांच्या मशीनचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून घसरण काढायची नाही. कच्चा आकडा, म्हणजे ग्रॅममधले खनिज आणि ग्रॅम प्रति चौरस सेमी, रिपोर्टवर असतोच. तो जपून ठेवा.

खरे तर या उपचारासाठी प्रत्येक मुलीचा डेक्सा करण्याची शिफारस नाही. स्टिरॉइड चालू आहे, फिट्सची औषधे चालू आहेत, हाडे वारंवार मोडली आहेत, अशांचाच करावा.

---

उत्तर ३: औषधनिर्माण अधिकारी, ग्रामीण रुग्णालय (यवतमाळ जिल्हा)

डोस प्राथमिक आरोग्य केंद्रात देता येतो, पण वैद्यकीय अधिकारी हजर असताना आणि नागपूरच्या लेखी सूचनेवर. सूचनेत औषधाचे नाव, मिग्रॅ, अंतर आणि पुढची तारीख हवी. ३.७५ मिग्रॅचा डोस २८ दिवसांचा असतो, ११.२५ चा १२ आठवड्यांचा. ट्रिप्टोरेलिनचा २२.५ मिग्रॅचा सहा महिन्यांचाही येतो. दुकानदाराने '११.२५ नाही, ३.७५ घेऊन जा, तेच आहे' म्हटले तर ते तेच नाही. महिन्याने संपणारे औषध तीन महिने पुरत नाही.

तारीख दिवसांत मोजा. १२ आठवडे म्हणजे ८४ दिवस. ५ जूनला डोस दिला तर पुढचा २८ ऑगस्टला येतो, ५ सप्टेंबरला नाही. 'दर तीन महिन्यांनी' असे तोंडी सांगितले की प्रत्येक वेळी आठवडाभर घसरते, आणि पेरणी, पोळा, सोयाबीनची काढणी यांत ती घसरण पंधरवड्यावर जाते. कार्डावर पुढच्या तीन तारखा आजच लिहून द्या.

साठवणुकीचे. ल्युप्रोलाइड डेपोची पावडर बहुतेक कंपन्यांची २५ अंशांखाली ठेवायची असते, काहींची २ ते ८ अंशांत. जेलच्या रूपातले ल्युप्रोलाइड फ्रिजचे असते आणि ते कातडीखाली देतात. म्हणून सवयीवर जाऊ नका, हातातल्या डब्यावरची ओळ वाचा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ च्या वर जातो आणि पत्र्याच्या खोलीत रात्रीही ३५ च्या खाली उतरत नाही, तेव्हा उन्हाळ्यात २५ अंशांखाली राखायला बहुधा फ्रिजच लागतो; पण डब्यावर 'फ्रिजमध्ये ठेवू नका' असे असेल तर फ्रिजमध्ये ठेवायचे नाही. आयएलआरमध्ये (लसींच्या खास शीतपेटीत) मात्र ठेवायचे नाही, तो फक्त लसींचा. साध्या फ्रिजच्या मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून दूर. गोठले तर टाकून द्यावे लागते. गावापर्यंत नेताना लसीच्या छोट्या कॅरियरमध्ये थोडे वितळू दिलेले आइसपॅक घ्या आणि डबा कागदात गुंडाळा, पॅकला टेकू देऊ नका.

देताना सर्वाधिक गफलत मिसळण्यात होते. औषध सूक्ष्म गोळ्यांच्या रूपात असते, ते विरघळत नाही, द्रवात तरंगते. सोबत दिलेलाच द्रव वापरा, डिस्टिल्ड वॉटर नाही. द्रव घालून बाटली हलक्या हाताने गोल फिरवा, एकसारखा दुधासारखा रंग येईपर्यंत. जोरात हलवले की फेस होतो आणि औषध काचेला चिकटून राहते. तळाशी गाठ दिसते का पाहा. मग लगेच भरा आणि लगेच टोचा, कारण दोन-तीन मिनिटांतच खाली बसू लागते. सिरिंज भरून ठेवून मुलीला समजावत बसलात तर सुई हमखास तुंबते. आधी मुलीला तयार करा, जागा पुसा, मग मिसळा.

सुई डब्यात येते तीच. बारीक दुखणार नाही म्हणून इन्सुलिनची सुई लावली की तुंबते. स्नायूत, मांडीच्या बाहेरच्या बाजूला किंवा कुल्ल्यावर, दर वेळी बाजू बदलून. दट्ट्या थोडा मागे ओढून रक्त येत नाही ना पाहा आणि एका दमात द्या. मध्येच तुंबून अर्धे औषध राहिले तर 'बहुतेक गेले' असे लिहू नका. किती मिली गेले ते लिहा आणि त्याच दिवशी नागपूरला फोन करा, उरलेले दुसऱ्या दिवसासाठी ठेवता येत नाही. कंपनी, बॅच नंबर, बाजू, वेळ, सगळे कार्डावर.

एक सोय सांगतो. डोस दिल्यावर साधारण तासाभराने रक्त घेऊन एलएच तपासता येतो. तो ४ च्या खाली असला तर दाब बसला आहे. नमुना बर्फावर जिल्ह्याला पाठवता येत असेल तर एक फेरी वाचते.

पैशांचे विचारले नाही तरी सांगतो: हे इंजेक्शन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसेल असे धरून चालू नका. रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला आणि समाजसेवा अधीक्षकांना डोसच्या आधी भेटायला सांगा, ऐनवेळी पैसे नाहीत म्हणून डोस चुकतो.

---

उत्तर ४: आहारतज्ज्ञ, अमरावती

आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ७ ते ९ वर्षांच्या मुलाला दिवसाला ६५० मिग्रॅ कॅल्शियम लागते, १० ते १२ ला ८५०, आणि १३ ते १५ ला १०००. व्हिटॅमिन डी ६०० आययू.

आता आपल्या ताटाचा हिशेब करा. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात ३० मिग्रॅही कॅल्शियम नसते, म्हणजे दोन भाकरींतून ३०-३५ मिग्रॅ. तुरीचे वरण, भाजी, चहातले दूध धरून दिवस कसाबसा २०० पर्यंत जातो. उरलेले ४५० आणायचे कुठून हा खरा प्रश्न आहे. गाईचे किंवा म्हशीचे २५० मिली दूध साधारण ३०० मिग्रॅ देते, वाटीभर घट्ट दह्याचेही जवळपास तसेच. पातळ ताक मात्र ग्लासभर प्यायले तरी त्यात पाणीच जास्त असते. पॉलिश न केलेले तीळ १० ग्रॅम, म्हणजे मोठा चमचाभर, १०० मिग्रॅच्या वर देतात, पण भाजून कुटून. अख्खे तीळ तसेच बाहेर पडतात. नाचणी आपल्याकडे पिकत नाही, दुकानात मिळते. १०० ग्रॅमला साडेतीनशेच्या आसपास, आंबील करून द्या. शेवग्याचा कोवळा पाला कुंपणालाच असतो, त्यात १०० ग्रॅमला ३०० च्या वर. पालकातले कॅल्शियम ऑक्झलेटमुळे अंगी लागत नाही, त्यावर भिस्त ठेवू नका.

दूध-दही रोज मिळत असेल तर गोळीची गरज नाही. नसेल तर गोळी घ्यावी, आणि ती घेताना पाकिटावरचा आकडा समजून घ्यावा. १२५० मिग्रॅ कॅल्शियम कार्बोनेट म्हणजे प्रत्यक्ष ५०० मिग्रॅ कॅल्शियम. जेवणासोबत द्यायची, उपाशीपोटी कार्बोनेट नीट शोषले जात नाही. शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची गुलाबी गोळी ज्या दिवशी असेल त्या दिवशी दोहोंत किमान दोन तासांचे अंतर ठेवा. एकत्र घेतल्यास लोह वाया जाते, आणि आपल्या मुलींना रक्तक्षयही आहेच. या इंजेक्शनांच्या काळात मुलींना कॅल्शियम पुरवल्यास घनता चांगली टिकते असे अभ्यासांतून दिसले आहे, तेव्हा हा भाग दुय्यम समजू नका.

व्हिटॅमिन डीची ६०,००० ची पुडी आठवड्यातून एकदा असते. ती रोज दिल्याने मुलांना उलट्या, बद्धकोष्ठ आणि मूत्रपिंडाचा त्रास झाल्याची प्रकरणे वैद्यकीय नोंदींत आहेत. आधी २५-हायड्रॉक्सी डी (रक्तातले व्हिटॅमिन डी) तपासा. मिलीला १२ नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, १२ ते २० अपुरे, २० च्या वर पुरेसे. किती आठवडे द्यायचे ते डॉक्टर ठरवतील, नंतर रोज ६०० वर या.

उन्हाचे सोपे माप: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असते तेव्हाच कातडीत व्हिटॅमिन डी बनते. विदर्भात मे महिन्यात ती वेळ सकाळी नऊच्या सुमारास येते, तेव्हा साडेनऊपर्यंत हात-पाय उघडे ठेवून वीस मिनिटे पुरे, दुपारच्या झळांत मुलीला बाहेर काढायचे नाही. डिसेंबरात मात्र सावली तेवढी लहान भर दुपारी बाराच्या आसपासच होते. सात वाजताचे कोवळे ऊन अंगाला चांगले वाटते, पण त्यात डी मिळत नाही.

आणि तिला खेळू द्या. हाड वजन आणि धक्का सोसून घट्ट होते. दोरीच्या उड्या, खो-खो, लंगडी, रोज तासभर. या उपचारात थोडे वजन वाढण्याकडे कल असतो, त्यालाही तेच औषध. 'हाडे नाजूक आहेत, पळू नको' हा घरातला सल्ला या मुलीचे सर्वाधिक नुकसान करेल.

घरचे सोयाबीनला किंवा 'इंजेक्शनच्या दुधाला' दोष देत असतील तर त्यात जीव अडकवू नका. पान्हा सोडवायचे ऑक्सिटोसिन प्रथिनासारखे पोटात पचून जाते, आणि जेवणातल्या सोयाबीनने मुली लवकर वयात येतात असे सिद्ध झालेले नाही. त्या भीतीने दूध बंद केलेली घरे आहेत, आणि तोटा हाडांचाच होतो.

---

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. रिपोर्ट पुन्हा पाहिला. वय ७ ऐवजी १७ असे छापले आहे. सेंटरला कळवून दुरुस्त रिपोर्ट मागितला आहे.

दोन गोष्टी राहिल्या. टोल्यावर (वस्तीवर) पिण्याचे पाणी बोअरवेलचे आहे आणि फ्लोराइड २.४ मिग्रॅ प्रति लिटर आहे. मुलीच्या समोरच्या दातांवर तपकिरी आडव्या रेषा आहेत. दुसरे, आठवडाभरापासून उजवी मांडी आणि गुडघा दुखतो म्हणते, किंचित लंगडते. सिकलसेल तपासणीत ती वाहक आहे, एएस. घरचे म्हणतात सुईमुळे दुखते.

---

उत्तर ५: बाल अंतःस्राव विभाग, नागपूर

आधी लंगडण्याचे, कारण त्याला उशीर चालत नाही. वाढीच्या वयात आणि या उपचारात क्वचित खुब्याच्या हाडाचे डोके त्याच्या मानेवरून सरकते. दुखणे खुब्यात न सांगता मूल गुडघ्यातच सांगते, म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढून 'काही नाही' म्हणून परत पाठवतात. पाठीवर झोपवा, खुबा आणि गुडघा ९० अंशांत वाकवा आणि पाऊल हळूच बाहेरच्या दिशेने न्या, म्हणजे मांडी आत फिरते. दुसऱ्या पायापेक्षा कमी फिरत असेल किंवा दुखत असेल, किंवा खुबा वाकवताना गुडघा आपोआप बाहेरच्या बाजूला जात असेल, तर तिला चालू देऊ नका. उचलून गाडीत घाला आणि आजच अस्थिरोग विभागात न्या. एक्स-रे दोन्ही खुब्यांचा हवा, समोरून आणि फ्रॉग-लेग (बेडकासारखे पाय बाहेर फाकवून). पाय टेकवतच नसेल तर फ्रॉग-लेगसाठी पाय ताणू नये, आडवा बाजूचा एक्स-रे घ्यावा. डॉक्टरांना चिठ्ठीत 'ल्युप्रोलाइड चालू' असे लिहा, नाहीतर त्यांना संशय यायचे कारण नाही.

सिकलसेलच्या एसएस (प्रत्यक्ष आजार असलेल्या) मुलांमध्ये खुब्याच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटून असेच दुखते. एएस वाहकांत ते सहसा नसते, पण इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी या हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे दाखवणाऱ्या चाचणीने पॅटर्न पक्का झालेला आहे ना, एवढे पाहून घ्या. नुसत्या सोल्युबिलिटी चाचणीवर एएस आणि एसएस वेगळे होत नाहीत.

पाण्याचे. भारतीय मानकात फ्लोराइड १.० पर्यंत चालते आणि दुसरा स्रोत नसेल तर १.५ पर्यंत. २.४ हे जास्त आहे. फ्लोराइडने हाड एक्स-रेत आणि डेक्सात दाट दिसते, पण ते मजबूत नसते. म्हणजे तुमच्या टोल्यावरच्या मुलीचा कण्याचा आकडा चांगला आला तरी त्यावर विसंबायचे नाही. कॅल्शियम कमी असेल तर फ्लोराइडचे वाकणारे गुडघे लवकर दिसतात, म्हणून वरचा आहाराचा सल्ला तिला दुपटीने लागू. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, पाणी आटते आणि ते वाढते. कँडल फिल्टरनेही जात नाही. आरओ किंवा अ‍ॅक्टिव्हेटेड अ‍ॅल्युमिनासारखे काही लागते. जवळ उथळ विहीर असेल तर तिचा नमुना तपासून घ्या, खोल बोअरवेलपेक्षा तिथे बहुधा कमी असते. निदान पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी वेगळे करा. मुलीला कोरा चहा आणि काळे मीठ देऊ नका, दोन्हींत फ्लोराइड असते. डेक्सा पुढे करायचाच झाला तर चिठ्ठीवर पाण्याचा आकडा लिहा.

---

प्रश्नकर्ती

सर, वैद्यकीय अधिकाऱ्यांनी आताच तपासले. मांडी दोन्हीकडे सारखी फिरते, खुबा वाकवताना गुडघा सरळ राहतो. मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मागचा डोस दिला तिथे, लिंबाएवढी टणक गाठ आहे. थोडी गरम, ताप नाही.

---

उत्तर ६: बाल अंतःस्राव विभाग, नागपूर

तर मग ती गाठ बहुतेक डेपोचीच आहे. काही मुलांत औषधाच्या जागी जंतूविना गळू होते. दाबू नका, चिरा देऊ नका, गरम मिठाचा शेक नको. कडा पेनाने आखून ठेवा आणि दोन दिवसांनी पाहा. ताप आला, लाली आखलेल्या कडेबाहेर गेली किंवा मऊ पडून पू जाणवला तर पाठवा. लंगडणे आठवड्यात गेले नाही तर खुब्यांचा एक्स-रे तरीही काढा, तपासणीत पहिल्या दिवसांत सरकलेले डोके सुटू शकते.

तिसरा डोस डाव्या मांडीत, ठरल्या दिवशीच. गाठीचा फोटो आणि बॅच नंबर आधी पाठवा. अशा गाठी पुन्हा पुन्हा झाल्या तर डोस नीट शोषला जात नसण्याची शक्यता असते, आणि मग ट्रिप्टोरेलिनवर बदलायचे की नाही ते एलएच पाहून ठरवू. डोसनंतर सतत डोके दुखणे, उलट्या किंवा दोन-दोन दिसणे यांपैकी काही सांगितले तर डोळ्यांच्या पडद्याची तपासणी त्याच दिवशी व्हायला हवी, डोक्यातला दाब वाढल्याची नोंद या औषधात आहे.